ठिपक्यांत दडलेला रंग

दूरचित्रवाणीच्या पहिल्या दोन-तीन दशकांत जे कार्यक्रम निर्माण झाले, ते पुढल्या पिढ्यांसाठी राखून ठेवावेत असा संकल्प त्यांच्या कर्त्यांच्या मनात क्वचितच असे, ही गोष्ट प्रथम ध्यानी धरल्यावाचून त्यांच्या जीर्णोद्धाराचा पुढील सर्व खटाटोप वाचकास अनाकलनीय वाटेल. लंडनच्या बीबीसीने १९५३ च्या उन्हाळ्यात नायजेल नील या लेखकाची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची विज्ञानकथा सादर केली, तेव्हा नट कॅमेऱ्यापुढे उभे राहून बोलत होते आणि त्याच क्षणी त्यांचे शब्द व त्यांच्या मुद्रा घरोघरच्या काचेवर उमटत होत्या. प्रयोग संपला म्हणजे तो खरोखरीच संपला, आणि त्याबद्दल कोणास खेद वाटण्याचे कारणही नव्हते. पहिल्या दोन भागांची नोंद राहावी म्हणून चित्रनळीसमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्यांचे चित्रण करण्यात आले खरे. परंतु ते इतके सुमार वठले की पुढील चार भागांच्या बाबतीत तो खटाटोपच कोणी केला नाही. दुसऱ्या भागाच्या चित्रणाच्या वेळी एक किडा काचेवर येऊन बसला होता. क्वाटरमास या शास्त्रज्ञाची अर्ध्याहून अधिक कथा काळाच्या उदरात गडप झाली, पण तो किडा मात्र आजही जशाचा तसा पाहावयास मिळतो.

पुढे चित्रफीत आली. अमेरिकेतील अँपेक्स या कंपनीने १९५६ साली दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र व ध्वनी नोंदविणारे यंत्र बाजारात आणले, आणि प्रक्षेपणाची घटिका व प्रयोगाची घटिका या दोहोंची ताटातूट होणे शक्य झाले. परंतु चित्रफितीचा मोठा गुण म्हणून ज्याची तेव्हा वाखाणणी होत असे, तो गुण म्हणजे तिच्यावरील मजकूर पुसून तीच फीत पुनःपुन्हा वापरता येते हा होता, टिकाऊपणा नव्हे. फीत महाग होती. नटांच्या संघटनांशी झालेल्या करारमदारांमुळे कार्यक्रमाच्या पुनःप्रक्षेपणावर कडक मर्यादा होत्या, आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, हा प्रश्न जमाखर्चाच्या वह्या सांभाळणाऱ्यांना निरुत्तर करणारा वाटला. यांत दुष्टबुद्धी कोठे नव्हती. होता तो केवळ कारभाराचा शिरस्ता. अभियांत्रिकी खात्याची अशी समजूत की फिल्मवर उतरविलेली प्रत परदेशी विक्री करणाऱ्या खात्यापाशी आहे. विक्री खात्याची समजूत की अस्सल फीत दुसरीकडे सुखरूप आहे. आणि फिल्म-संग्रहालयाच्या दप्तरी चित्रफितीवरील कार्यक्रम दाखल करून घेण्याची जबाबदारीच सोपविलेली नव्हती. अशा रीतीने तिन्ही खात्यांनी आपापले काम नियमानुसार बजावले आणि कार्यक्रम नाहीसे झाले.

या नासाडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘डॉक्टर हू’. काळाच्या पोटातून प्रवास करणाऱ्या एका विक्षिप्त प्रवाशाची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने केले होते. पहिल्या सहा वर्षांत या मालिकेचे २५३ भाग झाले. याच हुसेनांनी १९६४ साली बहुतांशी दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा अनेक देशांना विकली गेली असूनही बीबीसीच्या संग्रही तिचा एकही भाग उरला नाही. मराठी वाचकास अधिक जवळची वाटावी अशी हानी त्याही आधीची आहे. केंब्रिजचे विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, ज्यांच्या हाताखाली आपल्या जयंत नारळीकरांनी संशोधनाचे धडे गिरविले आणि ज्यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला, त्यांनी जॉन एलियट यांच्या साहाय्याने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका लिहिली होती, आणि ती १९६१ च्या शरदात, म्हणजे नारळीकर त्यांच्यापाशी शिकत असतानाच, प्रक्षेपित झाली. ज्युली ख्रिस्ती या अभिनेत्रीचा बोलबाला झाला तो याच मालिकेमुळे. आज तिचा एकच भाग पूर्णावस्थेत उपलब्ध आहे. बाकीचे भाग २००६ साली तबकडीवर आले ते उरल्यासुरल्या तुकड्यांच्या, आणि प्रक्षेपण चालू असताना पडद्याची छायाचित्रे टिपण्याचा व्यवसाय करणाऱ्या जॉन क्युरा नामक गृहस्थाच्या चित्रमालिकेच्या आधारे. ज्या देशात दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सर्व रिळे सांभाळली गेली नाहीत, त्या देशाच्या रहिवाशाने इंग्रजांना नावे ठेवावीत असा हा विषय नाही.

जे वाचले ते कसे वाचले, हे पाहू गेल्यास मोठी विलक्षण हकीकत हाती लागते. परदेशच्या दूरचित्रवाणी केंद्रांना विकण्यासाठी या भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढण्यात येत, आणि कराराची मुदत संपल्यावर त्या परत कराव्यात, नष्ट कराव्यात अथवा पुढच्या गिऱ्हाइकाकडे रवाना कराव्यात असा दंडक होता. जेथे हा दंडक कसोशीने पाळला गेला तेथे काही उरले नाही. जेथे कारकुनाने आळस केला, तेथे इतिहास वाचला. बीबीसीतील विध्वंस १९७८ साली थांबला, आणि त्याच वर्षी तेथे अभिलेखांची निवड करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद प्रथमच निर्माण होऊन स्यू माल्डन यांची त्यावर नेमणूक झाली. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेचे चारही भाग १९९२ साली हाँगकाँगहून परत आले. नायजेरियातील जोस या गावच्या केंद्रात धूळ खात पडलेल्या डब्यांत दोन कथांचे नऊ हरवलेले भाग सापडले आणि २०१३ साली ते जाहीर झाले, तेव्हा बेपत्ता भागांची संख्या १०६ वरून ९७ वर आली. या सर्वांहून मासलेवाईक प्रकार ऑस्ट्रेलियातला. तेथील अभ्यवेक्षण खात्याने बालमनावर अनिष्ट परिणाम होईल म्हणून अनेक भागांतील भयप्रद अंश कात्रीने कापून काढले, आणि सरकारी शिस्तीप्रमाणे ते तुकडे दप्तरात नत्थी करून ठेवले. १९९६ साली राष्ट्रीय अभिलेखागारात ते गवसले, तेव्हा असे दिसून आले की कित्येक बाबतींत मूळ भाग समग्र नष्ट झाला असून त्यातील केवळ तेवढेच क्षण शिल्लक आहेत, जे कोणीही पाहू नयेत असा सरकारी हुकूम होता.

परंतु हाती लागलेली फिल्म ही मूळ कार्यक्रमाची नक्कल होय, आणि तीही अनेक अंगांनी सदोष. १९८३ साली ‘डॉक्टर हू’ची एक कथा प्रथमच घरगुती चित्रफितीवर विक्रीस आली, तेव्हा गिऱ्हाईक जे मिळेल त्यावर संतुष्ट होते, पण विकत घेतलेली वस्तू मनुष्य पुनःपुन्हा पाहतो, थांबवून पाहतो, शेजाऱ्याच्या प्रतीशी ताडून पाहतो, आणि पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकाच्या नजरेतून जे ओरखडे निसटून गेले असते ते त्याला बोचू लागतात. या असंतोषातूनच बीबीसीतील व बाहेरील काही तंत्रज्ञांची एक टोळी जमली, आणि पुढे दोन दशके या मालिकेच्या घरगुती आवृत्त्यांवर तिचाच हात फिरत राहिला. स्टीव्ह रॉबर्ट्स, राल्फ माँटेग्यू, पॉल व्हॅनेझिस, ध्वनीच्या बाजूस मार्क एअर्स ही त्यांतील प्रमुख नावे. यांच्या कामातील धूळ झाडणे, ओरखडे बुजविणे, हलणारे चित्र स्थिर करणे हा भाग परिश्रमाचा आहे, पण तो कोणत्याही जुन्या चित्रपटाच्या बाबतीत करावाच लागतो. त्यावर येथे अधिक शब्द खर्च करण्याचे प्रयोजन नाही. मला या मंडळींचे खरे कर्तृत्व दिसते ते दुसरीकडे. नकलेतील प्रत्येक वैगुण्य कोठून आले याचा त्यांनी छडा लावला, आणि कित्येकदा त्या वैगुण्याच्याच तोंडून मूळ वस्तूची साक्ष काढली.

पहिला प्रयोग ‘द डीमन्स’ या १९७१ च्या कथेवर झाला. तिच्या पाच भागांपैकी चौथा तेवढा रंगीत फितीवर होता; बाकीच्या चार भागांची गत अशी की, स्वदेशात उरल्या होत्या त्या केवळ कृष्णधवल फिल्मच्या प्रती, आणि रंगीत अवस्थेत उरली होती ती अमेरिकेतील एका चाहत्याने आपल्या घरच्या यंत्रावर प्रक्षेपण चालू असताना टिपून ठेवलेली नोंद. फिल्म रेखीव होती पण बेरंग. अमेरिकन फीत रंगीत होती पण धूसर. तेव्हा चित्राचा सर्व तपशील फिल्ममधून घ्यावा आणि रंग तेवढा फितीवरून उचलून त्यावर चढवावा, अशी तजवीज १९९२ साली करण्यात आली. मानवी डोळा छायाप्रकाशाच्या सीमांविषयी जितका चोखंदळ आहे तितका रंगाच्या सीमांविषयी नाही. रांगोळीची रेघ नेमकी पडली असली म्हणजे आतला रंग किंचित सैल पसरला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. अडचण होती ती दुसरीच. फिल्म काळाने आकसलेली, चित्रनळीची काच बाहेर फुगलेली, आणि अमेरिकन फितीवरचे चित्र ५२५ ओळींचे तर इंग्रजी ६२५ ओळींचे. त्यामुळे दोन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसेनात. मग एक चित्र ठिकठिकाणी ताणून, दाबून, वाकवून दुसऱ्याच्या मापाचे करण्याचे काम संगणकावर सोपविण्यात आले. ही कथा त्याच वर्षी बीबीसीवर पुन्हा रंगीत दिसली.

रंगापेक्षाही सूक्ष्म असे एक वैगुण्य कृष्णधवल भागांच्या अंगी होते, आणि ते असे की, ज्याने मूळ प्रक्षेपण पाहिले नाही त्याला ते वैगुण्य आहे हेच कळण्याचा संभव नव्हता. त्या काळचे इंग्रजी दूरचित्र सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचे असे. परंतु प्रत्येक चित्र दोन खेपांत काढले जाई, आधी विषम क्रमांकाच्या ओळी आणि मग एक पन्नासांश सेकंदानंतर सम क्रमांकाच्या. याचा अर्थ असा की स्टुडिओतील कॅमेरा एका सेकंदात काळाचे पन्नास निरनिराळे क्षण टिपत असे, आणि म्हणूनच त्या चित्रातील हालचालीत एक प्रकारचा वाहतेपणा, पात्रे जणू या घटकेस समोर वावरत आहेत असा भास, उत्पन्न होई. फिल्मवर नक्कल करताना मात्र सेकंदाला २५ चौकटीच उपलब्ध. एका पद्धतीत दोनपैकी एक खेप सरळ टाकून देण्यात येई, म्हणजे निम्म्या ओळी गमावल्या जात. दुसऱ्या, अधिक सुधारलेल्या पद्धतीत पहिली खेप चित्रनळीच्या मंदपणे विझणाऱ्या लेपावर क्षणभर धरून ठेवून दोन्ही एकाच चौकटीत उतरवीत. ओळींच्या रेघोट्या दिसू नयेत म्हणून प्रकाशबिंदू खाली-वर थरथरवून ओळी जाड करण्याचीही युक्ती होती. कसेही केले तरी पन्नास क्षणांचे पंचवीस झाले, आणि स्टुडिओतील जिवंत प्रयोगाला जुन्या बोलपटाची कळा आली. सत्तरीनंतर जन्मलेल्या पिढीने ‘डॉक्टर हू’चे पहिले पर्व पाहिले ते याच रूपात, आणि जुने म्हणजे असेच असावयाचे अशी तिची समजूत होऊन बसली.

पीटर फिंकलस्टोन यांनी या समजुतीस छेद दिला. लागोपाठच्या दोन चौकटींत एखादी वस्तू कोठून कोठे सरकली हे संगणकास हुडकावयास लावायचे, ती अर्ध्या वाटेवर कोठे असली पाहिजे हे त्याने गणिताने ठरवायचे, आणि त्या अनुमानित क्षणाचे चित्र त्या दोन चौकटींच्या मध्ये गुंफावयाचे, ही त्यांची कल्पना. व्हिडफायर या नावाने ती प्रसिद्ध आहे, आणि २००२ साली ‘द अ‍ॅझ्टेक्स’ या कथेच्या डीव्हीडीवर तिचे फळ पाहावयास मिळाले. परिणाम चकित करणारा होता; चाळीस वर्षांपूर्वीची पात्रे एकाएकी जवळ येऊन उभी राहिल्यासारखी वाटू लागली. येथे कोणी आक्षेप घेईल की प्रत्येक दुसरा क्षण हा यंत्राने रचलेला आहे, तेव्हा याला जीर्णोद्धार म्हणावे की बनावट दस्तऐवज? आक्षेप बिनबुडाचा नाही. परंतु माझ्या मते तो ज्या प्रतीच्या बाजूने उभा राहतो, ती फिल्मची प्रतही १९६४ सालच्या कोणत्याही इंग्रज प्रेक्षकाने पाहिलेली नव्हती; ती केवळ निर्यातीचा माल होती. शिवाय या मंडळींनी एक विवेक राखला, आणि त्यावरून त्यांची परीक्षा करावी. त्या काळी स्टुडिओतील दृश्ये इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने घेत आणि बाहेरची, किंवा विशेष खटपटीची, दृश्ये आधीच फिल्मवर चित्रित करून मध्ये जोडून देत. त्यामुळे एकाच भागात हालचालीचे दोन पोत आलटून पालटून येत. तेव्हा फिल्मवर घेतलेली दृश्ये वगळून केवळ स्टुडिओतील दृश्यांवरच ही प्रक्रिया करावयाची, असा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला. दोन पोतांतील तो खडबडीत सांधा मूळचा होता, म्हणून तो पुन्हा उघडा करण्यात आला.

आता ठिपक्यांकडे वळू. १९७० पासून ‘डॉक्टर हू’ रंगीत झाली, तरी ज्या देशांत अजून कृष्णधवल प्रक्षेपण होते त्यांच्यासाठी रंगीत भागांच्या कृष्णधवल फिल्म-प्रती निघत राहिल्या; पुढे रंगीत फिती पुसल्या गेल्या आणि कित्येक भागांच्या बाबतीत या प्रतीच तेवढ्या मागे राहिल्या. इंग्रजी रंगीत प्रक्षेपणाची जी पाल नावाची पद्धत, तिच्यात छायाप्रकाशाच्या संदेशातच सेकंदाला सुमारे ४४ लक्ष ३४ हजार कंपनांची एक उपलहरी मिसळून तिच्यावर रंगाची माहिती लादलेली असते. रंगीत संच ती लहर वेगळी काढून वाचतो. कृष्णधवल पडद्यावर ती बारीक ठिपक्यांच्या जाळीच्या रूपाने दिसते. फिल्मवर नक्कल करणाऱ्या तंत्रज्ञाने ही जाळी गाळून घ्यावी अशी अपेक्षा असे, पण पुष्कळदा गाळणी लावली जात नसे, आणि चित्र विद्रूप करणारे हे ठिपके फिल्मवर कायमचे उमटून बसत. पंचवीस-तीस वर्षे सर्वांनी त्यांना घाण म्हणूनच ओळखले. बीबीसीच्या जतन विभागातील जेम्स इन्सेल यांना मात्र या घाणीतच रंग आहे असे वाटले, आणि त्यांच्या पुढाकाराने जमलेल्या अभ्यासमंडळात रिचर्ड रसेल या अभियंत्याने ते ठिपके वाचून त्यांतून रंग उकलणारी गणिते रचून दाखविली.

युक्ती सांगावयास सोपी आहे. ठिपका जितका ठळक, तितका त्या जागी रंग गडद; आणि ठिपका आपल्या ठरलेल्या जागेपासून किती पुढेमागे सरकलेला आहे, त्यावरून रंगाची छटा ठरते. पण ठरलेली जागा कोणती? रंगीत प्रक्षेपणात प्रत्येक ओळीच्या आरंभी त्या लहरीचा एक नमुना पाठविला जातो आणि त्याच्याशी ताडून संच छटा ठरवितो. हा नमुना पडद्याच्या दृश्य भागाबाहेर असल्यामुळे चित्रनळीसमोरच्या फिल्मवर तो येणे शक्यच नव्हते. म्हणजे कुलूप हाती लागले होते आणि किल्ली फितीबरोबर पुसली गेली होती. त्यातच एका ओळीच्या दृश्य भागात या लहरीची सुमारे २३० आवर्तने बसतात, आणि ठिपक्याचे स्थान पाव आवर्तनाने चुकले तर रंगचक्रात छटा पाव फेरा सरकते, लालाच्या जागी जांभळट निळा किंवा हिरवट पिवळा उगवतो. काच फुगलेली आहे, फिल्म आकसलेली आहे, चौकट प्रत्येक खेपेस केसभर हललेली आहे, हे सर्व विचारात घेऊन ठिपक्याची जागा एका आवर्तनाच्या अल्पांशापर्यंत निश्चित केल्यावाचून या मार्गाने एक पाऊलही टाकता येत नव्हते. पाल पद्धतीत रंगाच्या दोन घटकांपैकी एकाची दिशा दर ओळीस उलटते. रसेलांनी या उलटापालटीचाच आधार घेतला आणि गेलेल्या नमुन्याची जागा अनुमानाने चार शक्यतांपर्यंत आणून ठेवली. चारांतून एक निवडण्याचे काम प्रथम माणसाच्या मुनसफीवर सोडावे लागले. चेहरा हिरवा नसतो, हे तर कोणासही ठाऊक असते.

या पद्धतीने रंग परत मिळालेला पहिला कार्यक्रम विज्ञानकथा नव्हता. ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचा एक भाग डिसेंबर २००८ मध्ये बीबीसीवरून दाखविण्यात आला आणि तो मान त्याने पटकाविला. ‘प्लॅनेट ऑफ द डॅलेक्स’ या कथेचा तिसरा भाग २००९ साली आला तो ठिपक्यांतून मिळालेला रंग आणि संगणकावर माणसांनी भरलेला रंग यांच्या मिश्रणाने, कारण नुसत्या उकललेल्या रंगावर डाग होते आणि नुसत्या भरलेल्या रंगात, तो कितीही सफाईदार असला तरी, खरेपणाची ग्वाही नव्हती. दोहोंनी एकमेकांची उणीव भरून काढली. रंग भरणाऱ्या कलावंताला एखादा कोट निळा असावा असे वाटले, आणि ठिपक्यांनी तो तपकिरी असल्याची साक्ष दिली, तर ठिपक्यांचा शब्द अखेरचा, हे या मिश्रणामागील न्यायतत्त्व मला फार समाधानकारक वाटते.

क्वचित पूर्वसुरींच्या सोयीचे ओझेही उतरवावे लागे. काही रंगीत भाग अमेरिकन व कॅनेडियन केंद्रांसाठी ५२५ ओळींत रूपांतरित केलेले होते, आणि तेच तेवढे परत आले. ते पुन्हा इंग्रजी मापात आणले की हालचालीला धक्के बसत, कारण सेकंदाला पन्नास खेपांच्या साठ आणि साठांच्या पुन्हा पन्नास करताना प्रत्येक वेळी शेजारच्या खेपा एकमेकींत मिसळल्या जात. पहिल्या रूपांतरकाने कोणत्या प्रमाणात काय मिसळले हे शोधून ते उलट्या क्रमाने सोडविण्याची रीत बीबीसीच्या संशोधन विभागात जिम ईस्टरब्रुक यांनी सिद्ध केली, आणि २००५ साली ‘द क्लॉज ऑफ अ‍ॅक्सॉस’च्या डीव्हीडीवर ती वापरली गेली.

ध्वनीचा इतिहास मात्र आनंददायक आहे. हरवलेल्या भागांपैकी प्रत्येकाचा ध्वनी आज उपलब्ध आहे, आणि त्याचे श्रेय कोणत्याही खात्याचे नाही. ते आहे साठीच्या दशकातील त्या शाळकरी पोरांचे, ज्यांनी वडिलांचे टेपरेकॉर्डर संचासमोर मांडले आणि घरातील मंडळींना अर्धा तास गप्प बसावयास लावले. त्यांतील काहींनी तर टेपरेकॉर्डरच्या तारा थेट संचाला जोडून अशी नोंद केली की ती फिल्मच्या कडेवरील ध्वनिपट्टीपेक्षाही स्वच्छ निघाली, आणि जे भाग सापडले आहेत त्यांच्याही दुरुस्तीत ती कामास आली. ‘द इन्व्हेजन’ या कथेचे दोन बेपत्ता भाग २००६ साली अशा ध्वनीवर रेखाचित्रपट रचून तबकडीवर देण्यात आले.

या सर्व उद्योगात सर्वांत मोठा मोह असतो तो मूळ कर्त्यापेक्षा वरचढ होण्याचा, आणि विज्ञानकथेच्या बाबतीत तर तो अनावर होतो, कारण जुन्या विज्ञानकथेतील अंतराळयाने दोऱ्याला लोंबकळत असतात, आणि राक्षस रबराचा आहे हे पोरासोरांनाही कळते. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या १९६६ च्या मूळ मालिकेला २००६ साली संगणकावर घडविलेली नवी याने व नवे ग्रहगोल बहाल करण्यात आले, सुदैवाने पुढे ब्लू-रे तबकडीवर मूळची दृश्ये निवडण्याची सवलत ठेवण्यात आली. तिच्या पुढच्या पिढीच्या मालिकेचा प्रकार निराळा. ती ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होऊन संकलित मात्र चित्रफितीवर झालेली; त्यामुळे २०१२ पासून मूळ निगेटिव्ह बाहेर काढून, जुने संकलन चौकट-चौकट ताडून, संपूर्ण मालिका नव्याने जोडावी लागली. त्या फिल्ममध्ये जितका तपशील होता तितका प्रथम प्रक्षेपणात कोणीच पाहिलेला नव्हता. ‘डॉक्टर हू’च्या स्टुडिओतील दृश्यांना ही चैन नाही, कारण फितीच्या पलीकडे दुसरे काही मुळातच अस्तित्वात नव्हते, १९७० ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा, संपामुळे स्टुडिओ बंद राहिल्याने जी सबंध फिल्मवर घ्यावी लागली, ती याला मोठा अपवाद, आणि म्हणूनच २०१३ साली ब्लू-रेवर ती अस्सल उच्च दर्जाच्या चित्रात येऊ शकली. दोरा पुसावा की ठेवावा, याविषयी माझे मत ठेवावा असेच आहे. दिग्दर्शकाला तो दोरा दिसत होता. त्याने तो चालवून घेतला. तो निर्णय त्याचा आहे. फिल्मवरचा ओरखडा मात्र त्याने पाहिलेला नव्हता, आणि त्याची कदर करण्याचे कोणावर बंधन नाही.

जेथे ठिपकेच नाहीत तेथे काय करावे, हा प्रश्न अखेर उरलाच. ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ या १९७१ च्या कथेचे पाच भाग ठिपक्यांनी रंगीत करून दिले. पहिल्या भागाच्या फिल्मवर मात्र गाळणी इमानेइतबारे लावलेली निघाली, आणि त्या कर्तव्यदक्षतेचा मोबदला म्हणून स्टुअर्ट हम्फ्रीज या कलावंतास निवडक चौकटी हाताने रंगवीत बसावे लागले. १९७४ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द डायनोसॉर्स’चा पहिला भाग याहूनही पेचाचा. त्याच्या ठिपक्यांतून लाल मिळाला, हिरवा मिळाला, आणि निळा हाती येईना. तो अदमासाने बसवावा लागला. निर्मनुष्य लंडनच्या रस्त्यांवरून नायक हिंडतो, त्या दृश्यांवरचा रंग त्यामुळे काही ठिकाणी पटतो आणि काही ठिकाणी डळमळतो. २०१२ साली ही कथा डीव्हीडीवर निघाली, तेव्हा तो भाग कृष्णधवलच ठेवण्यात आला, आणि रंगीत आवृत्ती ज्याला हवी त्याने निवडून पाहावी अशी व्यवस्था करण्यात आली.